पाऊस नसताना मागितलेली छत्री

मिनीबसमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या माणसाच्या मांडीवर केक होता. गुलाबी, भला मोठा, आणि उघडा. बाहेर पाऊस कोसळत होता आणि बसच्या अर्ध्या खिडक्यांना काचाच नव्हत्या.

"बाई, तुमची छत्री मागतो," तो म्हणाला. "पुतणीचा पहिला वाढदिवस आहे."

तारावा बेटावर येऊन मला थोडेच दिवस झाले होते, पण 'बुबुती' म्हणजे काय ते एव्हाना चांगलंच कळलं होतं. कुणी तोंड उघडून मागितलं की द्यायचं. नाही म्हणायचं नाही, नाही म्हणणाऱ्याची लाज जाते. आमच्या फिजीतही मागायची रीत आहे, पण तिथला माणूस निदान इकडचं तिकडचं बोलून मुद्द्यावर येतो. मी छत्री दिली. भिजत घरी आले आणि वाटभर त्या केकला, त्या पुतणीला आणि त्याच्या हसऱ्या डोळ्यांना शिव्या घातल्या. डोळ्यांना जरा कमी.

दुसऱ्या दिवशी छत्री परत आली, सोबत एक ताजा मासा घेऊन. त्याचं नाव करोतू. मी शिकवायचे त्या शाळेच्या मागे, पाण्याच्या काठावर तो होड्या बांधायचा. माझ्या शेजारच्या तेकोआमावशीचा तो भाचा निघाला. म्हणजे आता सुटका नव्हती.

मावशीने आल्या आल्याच माझी केटली मागून नेली होती. त्यानंतर माझ्या नव्या चपला गेल्या, मग आरसा, मग शिवणाचा डबा. लोकांना वाटायचं, परदेशातून आलेली शिक्षिका, हिला काय कमी? त्यांना कसं सांगणार, की अर्धा पगार आईकडे जातो, त्यावर दोन भावांचं शिक्षण चालतं, आणि उरलेल्यात महिन्याचा शेवटचा आठवडा मी बिस्किटं आणि चहावर काढते? चहासुद्धा पातेल्यात, कारण केटली मावशीकडे! कुणी जेवलीस का विचारलं की मी उपास आहे म्हणायचे. माझ्या भक्तीची शाळेत फार तारीफ व्हायची.

मग फिजीहून येणारं जहाज लांबलं. दुकानांतला तांदूळ संपला. माझ्याकडे एक पोतं होतं. मी ते सुटकेसमध्ये कपड्यांखाली दडवलं, दार लावून, आवाज न करता शिजवायला लागले. दारावर थाप पडली की मी आधी पातेलं पलंगाखाली सरकवायचे. आला कुणीतरी तांदूळ मागायला! पण गंमत म्हणजे तांदूळ कुणीच मागितला नाही. माझी लपवायची जागा नामी होती तर, असं म्हणून मी स्वतःचीच पाठ थोपटली. पुढे जहाज आलं तरी तांदूळ सुटकेसमध्येच ठेवायची सवय सुटली नाही.

करोतू मात्र यायचाच. आणि दर वेळी एकच मागायचा...

"बाई, छत्री मागतो."

"पाऊस कुठे आहे?"

"येईल."

"आणि नाही आला तर?"

"तर परत द्यायला तरी येता येईल."

छत्री घेताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागायची आणि तो लांब काठावरच्या होडीकडे बघत बसायचा, जणू तीच काहीतरी म्हणाली. हळूहळू 'तुमची' गेलं, 'तुझी' आलं. मी वह्या तपासायला त्याच्या होड्यांच्या छपराखाली बसायला लागले. लाकूड तासल्याचा वास, खाऱ्या वाऱ्यावर फडफडणारी पानं, आणि मधूनच वर होणारी त्याची नजर... तिथे बसलं की महिनाअखेर जरा लांब वाटायची.

पण ती यायचीच. वर्ष संपत आलं तसं मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. परदेशी शिक्षकांचा करार आता पुढे वाढवला जाणार नव्हता. राहायचं असेल तर इथल्या शिक्षकांच्या पगारावर राहा, नाहीतर गुरुवारच्या विमानाचं परतीचं तिकीट तयार आहे. ते वापरलं नाही तर बाद होईल. बुधवारी शाळा सुटेपर्यंत सांगा, म्हणाले.

मी किती वेळा हिशेब केला ते विचारू नका. थोरला भाऊ आता कामाला लागला होता, आईनेही तू तुझं बघ म्हटलं होतं. तरीही धाकट्याचे पैसे पाठवून हातात जे राहत होतं त्यात तांदूळ येत होता, बाकी काही नाही. आजारी पडले तर? परत जावंसं वाटलं तर कुठल्या पैशाने जाणार? भीतीने झोप उडाली. आणि खरं सांगायचं तर त्याहून मोठी भीती वेगळीच होती.

करोतूने मागणंच बंद केलं होतं.

तिकिटाची बातमी बेटभर झाली त्या दिवसापासून तो छत्रीला आला नाही. रस्त्यात दिसला तर मान हलवून निघून जायचा. पाऊस पडायचा, छत्री दाराशी टांगलेली असायची, आणि मी वेड्यासारखी पावलांचा कानोसा घेत बसायचे. ज्याच्यासाठी अर्ध्या पगारावर राहायचा विचार करतेय त्याला माझी छत्रीसुद्धा नको? मला रडू आलं, मग राग आला. बुधवारी शेवटचा तास मोकळा होता, तेव्हा त्याच रागात मी भर पावसातून त्याच्या छपराखाली जाऊन उभी राहिले.

तेकोआमावशी कोपऱ्यात चटई विणत होती. करोतू दोर ओढत होता, त्याने वर पाहिलं नाही.

"उद्या विमान आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"तुला काही मागायचं नाही माझ्याकडे?"

तो दोर आवळतच राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "मागितलं असतं तर तुला नाही म्हणता आलं नसतं. छत्रीचं ठीक आहे... ही काय मागून घ्यायची गोष्ट आहे? जन्मभर मला वाटत राहिलं असतं, की ही लाजेखातर राहिली."

माझा राग कुठच्या कुठे गेला. म्हणजे हा येडा मला वाचवत होता तर... स्वतःपासून!

"छत्री माग," मी म्हटलं.

"काय?"

"माग म्हणते ना."

त्याने बिचकत माझ्या हातातल्या छत्रीकडे बोट केलं. "छत्री मागतो."

"नाही देत."

मावशीचे हात थांबले. अख्ख्या तारावात असं कुणी कुणाच्या तोंडावर म्हणत नसेल. करोतूचे कान लाल झाले. माझेही झाले असणार, पण मी छत्री घट्ट धरून उभी राहिले.

"बघितलंस? मला नाही म्हणता येतं," मी म्हटलं. "आता जे मागायचंय ते माग."

पावसाचा आवाज छपरावर वाढला. त्याने दोर खाली ठेवला, हात लुंगीला पुसले आणि जवळ आला.

"राहा," तो म्हणाला. "इथे... माझ्याजवळ. माझं तुझ्यावर प्रेम आहे, कधीपासूनचं. नाही म्हणालीस तरी तुझ्यासाठी मासा येत राहील... विमान जाईपर्यंत."

"देते," मी म्हटलं. कारण बुबुतीला तेच उत्तर असतं. त्याने माझी ओली बोटं हातात घेतली आणि या वेळी होडीकडे पाहिलं नाही.

मावशीने नाक ओढलं आणि चटई पुन्हा हातात घेतली. "झालं ना तुमचं? मग पोरी, त्या सुटकेसमधला तांदूळ आता बाहेर काढ. संध्याकाळी सगळे एकत्र जेवू."

मी थिजले. "तुम्हाला माहीत होतं?"

"भात शिजला की वास येतो. अख्ख्या गावाला माहीत होतं."

"मग मागितला का नाही कुणी?"

"महिनाअखेर उपाशी असायचीस तू," ती म्हणाली. "केटली मागतात. घास कसा मागायचा?"

मला तिथेच रडू फुटलं. इतके महिने मी ज्यांच्यापासून तांदूळ लपवत होते, ते सगळे मिळून माझ्यापासून लपवत होते, की त्यांना ठाऊक आहे. पगार कमीच असणार होता, काळजीही कुठे जाणार नव्हती. पण आता ती एकटीने करायची नव्हती.

शाळा सुटायची वेळ झाली होती. मुख्याध्यापकांकडे आम्ही दोघं गेलो. छत्री मी त्याला दिली नाहीच. ती माझ्याच हातात होती, आणि तो वाकून तिच्याखाली चालत होता.