बार्बेच्या डोक्यावरचा क्रूस

गेंट गावात हिवाळ्याच्या दिवसांत दुपार म्हणून काही नसतंच. सकाळ होते, आणि मग बराच वेळ संध्याकाळ होत राहते. तशाच एका दिवशी म्हातारा लीव्हेन एक लहानसं काम उरकायला घरातून निघाला. झोळीत बारीक कुंचला, शिंपल्यात कालवलेला तांबडा हिंगूळ, नि एक जुनं फडकं. काम फार नव्हतं. क्रूस काढायचा होता.

माख्टेल्डबाईंचं घर कापड रंगवणाऱ्यांचं. त्यांचा थोरला मुलगा योस पंधरा दिवसांपूर्वी तापानं गेला होता. चर्चमध्ये या घराण्याचं एक चित्र होतं, कपाटासारखं, दोन दारांचं. मधे मेरीमाता, डाव्या दारावर बाप नि मुलगे, उजव्या दारावर आई नि मुली. सगळे हिरवळीवर गुडघे टेकून, हात जोडून. दोन वर्षांमागे लीव्हेननंच ते रंगवलं होतं. घरातलं कोणी गेलं म्हणून त्याला चित्रातून पुसायचं नाही, अशी तिकडची रीत. गेलेलाही तिथंच राहतो, जित्यांच्या ओळीत प्रार्थना करतो. फक्त त्याच्या डोक्यावर बोटाच्या पेराएवढा तांबडा क्रूस काढायचा.

चर्चच्या किल्ल्या गेरार्टकडे असत. तो दारातच उभा होता.

"या, या! मेलेल्यांचा चितारी आला," तो म्हणाला. "लौकर आटपा. दोन रेघांना कितीसा वेळ लागतो?"

"दोनच रेघा आहेत रे," लीव्हेन म्हणाला. "पण दुसरी ओढली की पोर गेलं म्हणायचं. हात जड होतो."

गेरार्टनं मेणबत्ती पेटवून दिली आणि तो फरशी झाडायला निघून गेला. लीव्हेननं चित्राची दारं उघडली. बिजागऱ्या कुरकुरल्या. योसच्या डोक्यावर त्यानं एक रेघ ओढली, थांबला, मग दुसरी ओढली. मनात म्हणाला, जा बाळा, सुखानं राहा. आणि कुंचला पुसता पुसता त्याची नजर उजव्या दाराकडे गेली.

मुलींच्या ओळीत शेवटी धाकटी बार्बे होती. चार वर्षांची. आज सकाळीच त्यानं तिला पुलावर चिमण्यांना पाव टाकताना पाहिलं होतं.

तिच्या डोक्यावर तांबडा क्रूस होता.

लीव्हेननं मेणबत्ती जवळ नेली. रंग ओला होता. जवसाच्या तेलाचा ताजा वास येत होता. त्यानं मागे वळून पाहिलं. खांब वर वर अंधारात गेलेले, नि लांबून झाडूचा आवाज.

"गेरार्ट... इथं कोणी आलं होतं?"

"कोण येणार? किल्ली माझ्या कमरेला आहे."

 लीव्हेननं फडक्यानं तो क्रूस पुसून टाकला.  तिथून तो तडक माख्टेल्डबाईंच्या घरी गेला.

दार बाईंनीच उघडलं. डोक्यावरचं कापड सुटलेलं होतं. "लीव्हेनकाका, बार्बेला एकाएकी ताप भरला हो. जेवता जेवता आडवी झाली."

"केव्हा?"

"आत्ताच. घटका झाली असेल."

चूल पेटलेली होती, तरी लीव्हेनच्या पाठीतून गारवा गेला. घटकेमागेच तो ओला क्रूस त्यानं पाहिला होता. 

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो चर्चमध्ये गेला. क्रूस परत आलेला होता. या वेळी रंग चिकट झाला होता. फडकं फिरवलं तरी तांबूस डाग मागे राहिला. लीव्हेन जन्मभर रंगात वाढलेला, त्याला सांगायला नको होतं. रंग एकदा वाळला की वाळला. मग तो निघत नाही.

तो पुन्हा त्या घरी गेला. पोर निखाऱ्यासारखी तापली होती. डोळे अर्धे मिटलेले. बाई तिच्या ओठांना ओलं फडकं लावत होत्या.

"आई," बार्बे पुटपुटली, "माझ्या जागेवर कोणीतरी बसलंय."

"कुठं गं राणी?"

"मेरीमातेपाशी. ती म्हणते, ही माझी जागा... मग मी कुठं बसू?"

"तापात बडबडते हो," बाई म्हणाल्या. पण लीव्हेन पलंगाजवळ वाकला. "कशी आहे गं ती? माझ्या कानात सांग."

"माझ्याएवढीच. हसते. तिच्या पुढच्या दातांत फट आहे... त्यातून शीळ घालते."

लीव्हेन तिथंच खाली बसला. फरशीवरच. बाई घाबरल्या. "काका, तुम्हांला काय होतंय?"

 मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

"बाई, मी तुमचा अपराधी आहे. चित्र काढलं तेव्हा ही दोन वर्षांची. घटकाभर म्हणून बसेना. तुम्ही म्हणालात, लहान पोरं सगळी सारखीच, काढा काहीतरी. आणि मी... मी माझ्या नेलेचा चेहरा काढला."

"कोण नेले?"

"माझी मुलगी. एकवीस वर्षं झाली जाऊन. आम्हा गरिबांना कोण चित्रात बसवतं? वाटलं, एक चेहरा, कुणाला कळतोय. दर रविवारी यायचं नि बघायचं. चित्रात ओठ मिटलेत तिचे. दातांतली फट मी कोणाला सांगितली नव्हती बाई. कोणालाच नाही."

"आणि क्रूस?"

"नाही काढला. हात धजला नाही. गेलेल्या पोरीला क्रूसाविना जित्यांच्या ओळीत बसवलं, तुमच्या मुलीच्या नावावर. आता तिच्या डोक्यावर क्रूस येतोय आपोआप. पण जागा बार्बेची आहे... म्हणून जाते ती बार्बे."

बाई ताडकन उठल्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "योस गेला माझा. अजून त्याची टोपी खुंटीला आहे. आणि तुम्ही... उठा! आत्ताच्या आत्ता काढा तिला तिथून. खरवडून काढा!"

"काढतो," लीव्हेन म्हणाला. एवढंच म्हणाला. झोळीतून कागद नि कोळसा काढला आणि पलंगाजवळ स्टूल ओढून बसला. "आधी हिला बघू द्या. खरी बघू द्या. दोन वर्षांमागे बघायची राहिली ती."

बाईंनी मुलीची हनुवटी हातात धरली. लीव्हेन बघत राहिला. कान थोडे पुढे आलेले, नाकाचा शेंडा चपटा, डाव्या भुवईत भोवरा. इतकी वर्षं ओळखीची पोर, पण त्यानं कधी नीट पाहिलीच नव्हती. कोळसा हळूहळू चालत होता. बाई त्याच्या हाताकडे पाहत होत्या. मधेच एकदा त्या हळू आवाजात म्हणाल्या, "कशानं गेली तुमची?"

"अशाच तापानं. चार वर्षांची होती."

चुलीतलं जळण धुमसत होतं. लीव्हेन कागद गुंडाळून निघाला, तेव्हा बाई दारापर्यंत आल्या.

"काका, खरवडू नका तिला."

"अं?"

"एकटी कुठं जाईल? कडेला बसवा. माझ्या मुलींच्या मागं. पण तिच्या डोक्यावर क्रूस मात्र काढा. तिचा तिला."

लीव्हेनला रस्ताभर धड दिसत नव्हतं.

चर्चमध्ये खिडकीच्या काचांतून निळा, तांबडा उजेड फरशीवर पडला होता. क्रूस पुन्हा आलेला. त्यानं बोट लावलं. बोटाला रंग लागला नाही. वाळत आला होता.

गेरार्ट मागे येऊन उभा राहिला. नेहमीची थट्टा करायला त्यानं तोंड उघडलं, आणि तो क्रूस बघून मिटलं. "काल हा नव्हता..."

"मेणबत्ती धर. बोलू नकोस."

लीव्हेननं आधी आपल्या नेलेचं चित्र काढलं. दाराच्या अगदी कडेला, हिरवळीवर, सगळ्यांच्या मागं. या वेळी ओठ मिटलेले काढले नाहीत. दातांतली फट तशीच काढली. मग हिंगूळ घेतला. एक रेघ ओढली. थांबला. एकवीस वर्षं जी ओढली नव्हती ती दुसरी रेघ ओढायची होती.

"जा गं माझे बाई," तो म्हणाला. आणि ओढली.

कुठंतरी वर, कमानींच्या अंधारात, बारीक शीळ वाजली. गेरार्टच्या हातातली मेणबत्ती हलली. "वारा असेल... हो ना लीव्हेन? वाराच..."

 लीव्हेन ओळीतल्या जुन्या चेहऱ्यावर बार्बेचा चेहरा चढवत होता. पुढे आलेले कान, चपटं नाक, भुवईतला भोवरा. शेवटचा ठिपका दिला नि नजर वर केली, तर बार्बेच्या डोक्यावर काहीच नव्हतं. डागसुद्धा नव्हता. फडकं हातात होतं, कोरडं.

काळोख पडायच्या आत माख्टेल्डबाईंची मोलकरीण धापा टाकत आली. "काका, घाम फुटला तिला! ताप उतरला! उठून बसली नि म्हणते, हेरिंग मासा द्या, पेज नको!"

"द्या की मग," लीव्हेन म्हणाला, आणि लहान मुलासारखा रडला.

ईस्टरला चित्राची दारं सगळ्या गावासाठी उघडली. बार्बे आईच्या हाताला धरून आली, आणि स्वतःला बघून म्हणाली, "माझे कान एवढे मोठे नाहीत!" बाई किती दिवसांनी हसल्या. मग त्यांनी कडेच्या नेलेपुढेही एक फूल ठेवलं.

गर्दी पांगल्यावर लीव्हेन मागे राहिला. तेव्हा त्याला ते दिसलं. नेलेच्या शेजारी हिरवळ दबलेली होती. दोन खळगे, शेजारी शेजारी, गुडघे टेकल्यासारखे. पोराचे नव्हते, मोठ्या माणसाचे होते. तिथं त्यानं गवताचं पातं न् पातं सरळ उभं रंगवलं होतं.

तो पुष्कळ वेळ बघत राहिला. भीती वाटली, नाही असं नाही. पण खालच्या आवाजात तो म्हणाला, "जागा राहू दे गं. मला घाई नाही... तुलाही नसावी."

घरी येऊन तो कपडे बदलायला खिडकीशी बसला. सकाळी तो स्वच्छ धुतलेली विजार घालून चर्चला गेला होता. वाटेत सगळी दगडी फरशी, चर्चमध्येही फरशीच.

दोन्ही गुडघ्यांवर गवताचे हिरवे डाग होते. ताजे.