दुरुस्ती नाही

छापखान्यात त्याला सगळे भिंगराव म्हणत. त्याच्या टेबलावर कायम एक भिंग असे, आणि ते ओळीओळीवरून फिरल्याशिवाय कुठलाही कागद पुढे सरकत नसे. सव्वीस वर्षं तो मुद्रितशोधक होता. म्हणजे दुसऱ्यांच्या लेखनातल्या चुका काढण्याचा त्याला पगार मिळत होता. स्वतःच्या लेखनाचा मात्र आजवर एक छदामही मिळाला नव्हता, आणि हे त्याच्या मनाला फार लागून राहिलं होतं.

तसा तो बरं लिहायचा. अकरा कथा छापून आल्या होत्या. पण मानधनाचा विषय काढला की संपादक मंडळी एकदम विरक्त होत. कुणी अंकाच्या दोन प्रती पाठवी, कुणी शुभेच्छांचं कार्ड, आणि एका महाभागाने तर उलट त्याच्याकडेच वार्षिक वर्गणी मागितली होती. शेवटी त्याने एक जाड वही केली. तीत मासिकाचं नाव, पत्ता, शब्दमर्यादा, उत्तर किती दिवसांत येतं, आणि शेवटचा रकाना, देतात की नाही. त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत फुल्या होत्या. तरी दर शनिवारी दुपारी वाचनालयात जाऊन तो मासिकांची मागची पानं चाळायचा आणि वहीत भर घालायचा.

"ही वहीच पाठवून द्या एकदा," बायको म्हणायची. "विनोदी म्हणून नक्की छापतील."

ती त्याची पहिली वाचक. कथा झाली की आधी तिच्या हातात. ओट्याला टेकून, उभ्याउभ्याच ती वाचायची आणि मध्येच एका जागी बोट ठेवून म्हणायची, "इथे काहीतरी राहिलंय." दर वेळी ती नेमकी तीच जागा असायची जिथे त्याने अंग चोरलेलं असे. तो चिडायचा, दोन दिवस धुसफुसायचा आणि मग ती जागा निमूटपणे पुन्हा लिहायचा.

एका शनिवारी त्याला ती जाहिरात दिसली. एका पातळशा मासिकाच्या शेवटच्या पानावर, चौकटीत, बारीक टाइपात. घर या विषयावरच्या संग्रहासाठी कथा हव्या होत्या. अटी तीन. कथेतलं घर खरं असावं. मानधन स्वीकृतीबरोबरच पाठवलं जाईल. प्रूफ लेखकाने स्वतः वाचून, सही करून परत करावं. त्याने पत्ता वहीत उतरवला आणि कितीतरी महिन्यांनी शेवटच्या रकान्यात बरोबरची खूण केली. पुढच्या शनिवारी संग्रहाचं नाव पुन्हा पाहावं म्हणून त्याने तोच अंक काढला, तर त्या चौकटीत केशतेलाची जाहिरात होती. दुसरा अंक असेल, असं म्हणून त्याने तो परत ठेवला.

कथा त्याच्याकडे तयार होती. फक्त ती बायकोला दाखवलेली नव्हती, कारण ती तिच्यावरच होती. घराच्या मागच्या बाजूला एक अडगळीची खोली होती. ट्रंका, जुने अंक, एक मोडका पंखा, आणि दाराला वरच्या बाजूला हातभर काच. वर्षभरापासून बायको रोज दुपारी त्या खोलीत जाऊन दार लावून बसायची. सुट्टीच्या दिवशी त्याने एकदा काचेतून पाहिलं होतं. ती ट्रंकेवर बसली होती, हात मांडीवर, समोरच्या भिंतीकडे बघत. ना वाचन, ना शिवण. विचारावं असं त्याच्या मनात आलं होतं, पण विचारायचं सोडून त्याने त्याची कथा केली. कथेत शेवटी नवरा हाक मारतो, ती "आलेच" म्हणते, बाहेर येते आणि त्याला पाहून हसते. एवढंच. त्याला मनातून लाज वाटत होती, पण कथा चांगली उतरली होती हेही त्याला कळत होतं.

कथा पाठवल्यावर सहाव्या दिवशी मनीऑर्डर आली. पोस्टमनच्या पुढ्यात त्याने नोटा दोनदा मोजल्या आणि मग सही केली. मागोमाग प्रूफ आलं, दोन प्रती, एक परत पाठवायची, एक लेखकाने ठेवायची.

"बघू, आणा इकडे," बायको म्हणाली. "मी वाचते."

"नको. जुनीच आहे. तुला कंटाळा येईल."

"असं का? बरं." तिने त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि ती आत गेली.

आपलं प्रूफ आपण वाचू नये, हा धंद्यातला पहिला नियम. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांना पानावरचं दिसत नाही, मनातलंच दिसतं. नव्या माणसाला भिंगराव पहिल्या दिवशी हेच शिकवत असे. पण अट स्वतः वाचण्याची होती, आणि दुसऱ्याला द्यायचं तर घरात वाचणारी एकच होती. त्याने जेवणाच्या सुट्टीत, मूळ प्रत शेजारी न ठेवता, ती चार पानं वाचून काढली. आपली वाक्यं शिशाच्या खिळ्यांत जुळलेली, आणि तीही पैसे मोजून जुळवलेली, बघून तो इतका हरखला होता की भिंगाची त्याला आठवणही झाली नाही. तळाला त्याने झोकात लिहिलं, 'दुरुस्ती नाही', सही केली आणि लिफाफा पेटीत टाकला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी घरी परतताना तो दारातल्या पायऱ्यांवर ठेचकाळला. पाय तिसऱ्या पायरीनंतर सपाटीवर पडायला हवा होता. तिथे अजून एक पायरी होती.

"ही चौथी पायरी कधी केली?" त्याने आत येत विचारलं.

"चारच आहेत की," बायको म्हणाली. "इतकी वर्षं काय उडत येत होतात?"

तो हसला. पण कपडे न बदलता टेबलापाशी गेला आणि त्याने ठेवलेलं प्रूफ काढलं. पहिल्याच पानावर छापलं होतं, 'चार पायऱ्या चढून'. मूळ प्रतीत तीन होत्या. सव्वीस वर्षांत अशी चूक त्याच्या हातून सुटली नव्हती. पायरीपेक्षा त्याला चुकीचीच भीती अधिक वाटली, कारण एक सुटली असेल तर दुसरीही सुटली असेल.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा घेतली. जेवणं झाल्यावर मूळ प्रत, प्रूफ, पट्टी आणि भिंग घेऊन तो बसला. बायको भांडी आवरून मागच्या खोलीत गेली. दार लावल्याचा आवाज आला. ओळीखाली पट्टी धरून तो शेवटच्या पानावर पोचला, आणि तिथे थांबला.

मूळ प्रतीत होतं: "आलेच," ती म्हणाली. दार उघडून ती बाहेर आली. त्याला पाहून ती हसली.

प्रुफात मधली ओळ नव्हती.

"अगं," त्याने जागेवरूनच हाक मारली. "जरा बाहेर ये."

"आलेच," ती आतून म्हणाली.

तो दाराकडे बघत राहिला. मग उठून गेला. काचेतून ती दिसत होती, ट्रंकेवर बसलेली. त्याला पाहून ती हसली. नेहमीचं, थोडंसं एका बाजूला जाणारं हसू. पण ती उठली नाही.

त्याने दार ढकललं. कडी नव्हती, तरी दार हललं नाही.

"अगं, दार उघड."

"आलेच," ती म्हणाली आणि हसली.

त्याने गल्लीतल्या सुताराला बोलावून आणलं. सुताराने दारावर हात फिरवला, खाली वाकून पाहिलं, वर पाहिलं.

"साहेब, याला बिजागऱ्याच नाहीत," तो म्हणाला. "हे दार नाहीच. भिंतीलाच चौकट केलीय कुणीतरी."

"आत माझी बायको आहे!"

सुताराने काचेतून पाहिलं. मग त्याने हत्यारं पिशवीत भरली आणि पैसे न घेता निघून गेला. भिंगरावाने हातोडी आणून काचेवर मारली. काच फुटली नाही. आवाजसुद्धा झाला नाही.

त्याने तार केली: 'शेवटच्या पानावर एक ओळ गळाली. कृपया घालावी.' उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळीच आलं, इतक्या लवकर येणं शक्य नव्हतं. शेवटचं पान आणि त्याला टाचलेली चिठ्ठी. छपाईसाठी पानं बांधून झाली आहेत. एक ओळ घालायची तर त्याच पानावरची तेवढीच ओळ काढावी लागेल. कोणती, ते लेखकाने ठरवावं. पुन्हा बदल होणार नाही.

यात वावगं काही नव्हतं. शेवटच्या घटकेला ओळ वाढवायला येणाऱ्या कितीतरी लेखकांना त्याने स्वतःच हे सांगितलं होतं. एक आत, तर एक बाहेर.

पान अर्धंच होतं. त्याने अक्षरं मोजली. साधारण तेवढ्या लांबीच्या ओळी दोनच निघाल्या. एक, 'तो खुर्चीत वाट पाहत होता.' दुसरी, 'त्याला पाहून ती हसली.'

पहिली काढायला तो घाबरला. तो वाट पाहत नसेल, तर असेल कुठे?

राहिलं हसू. त्याने काचेकडे पाहिलं. ती हसली. काल दुपारपासून तिने पाण्याचा थेंब घेतला नव्हता. हसू काय, पुन्हा येईल, त्याने स्वतःला समजावलं. आधी ती बाहेर येऊ दे. मग आपण तिला विचारू, या खोलीत तू काय बघत बसतेस. कधीच विचारलं नाही, ते विचारू.

त्याने दोन ओळींमध्ये खूण केली आणि समासात लिहिलं, 'दार उघडून ती बाहेर आली.' खालच्या ओळीवर लाल रेघ मारली. सही केली. पान पेटीत टाकून आला आणि त्या दारासमोर खुर्ची ओढून बसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी बिजागरी करकरली.

ती बाहेर आली. पदर झटकला, डोळे चोळले.

"अगं!" तो ओरडला. "अगं, इकडे बघ!"

तिने बघितलं. तो बसला होता तिकडेच बघितलं, त्याच्या पलीकडच्या घड्याळाकडे. मग स्वयंपाकघरात जाऊन तिने चहा टाकला. एक कप.

त्याला उठायचं होतं. तिचा हात धरायचा होता. पण तो खुर्चीत वाट पाहत होता.

छापखान्यातून कुणी चौकशीला आलं नाही.

पंधरा दिवसांनी टपालाने संग्रह आला. तिने पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"हे कुणी मागवलं?" ती म्हणाली.

तरी ओट्याला टेकून, उभ्याउभ्या तिने ती कथा वाचली. शेवटच्या पानावर थांबली. खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"इथे काहीतरी राहिलंय," ती म्हणाली, आणि पान उलटलं.