सुटे मुद्दे

दस्तऐवजात एक परिच्छेद होता. त्यात दोनशे अकरा शब्द होते, दहा वाक्ये होती, आणि 'म्हणून', 'त्यामुळे', 'कारण' असे मिळून नऊ जोडशब्द होते. शाल्मली खोब्रागडेने ते दोनदा मोजले. नागपूरच्या त्या स्मृतिसंशोधन संस्थेत तिला नोकरीला लागून आठ महिने झाले होते आणि उपचाराआधी रुग्णाचा मजकूर तयार करणे हे तिचे काम होते.

मजकूर दिवाकर नेवारे यांनी तोंडी सांगितलेला होता. ते एका वीज उपकेंद्रात ऑपरेटर होते. गेल्या उन्हाळ्यात दुरुस्ती चालू असताना त्यांनी फीडर सुरू केला, म्हणजे तारांमध्ये वीज सोडली. त्यांचा सहकारी गजानन तेव्हा खांबावरच होता. तो जागच्या जागी गेला.

शाल्मलीने सगळा मजकूर निवडला आणि मुद्देचिन्हाचे बटण दाबले. परिच्छेदाच्या सुरुवातीला एक काळा ठिपका उमटला. एकच.

"एंटर मारल्याशिवाय कसं होईल?" मागून डॉ. देवदत्त पांढरीपांडे म्हणाले. ते संस्थेचे संचालक होते आणि मुद्देकरण ही उपचारपद्धती त्यांनीच शोधली होती. "कुठे तोडायचं हे त्या बटणाला काय ठाऊक? ते आपण ठरवायचं."

"तेच विचारायचं होतं, सर. किती मुद्दे करू?"

"आधी सांग, आपण तोडतो काय?"

"अनुबंध," ती म्हणाली. "आठवण काढली की ती काही वेळ कच्ची होते आणि मग पुन्हा पक्की होते. आपल्या औषधाने तो कच्चा काळ वाढतो. त्या वेळात माणूस ती ज्या आकारात वाचेल, त्याच आकारात ती पक्की होते. गोष्टीसारखी वाचली तर गोष्ट, मुद्द्यांसारखी वाचली तर मुद्दे. माहिती सगळी शिल्लक राहते. दोन घटनांमधला धागा तेवढा जातो."

"आणि अपराधभाव त्या धाग्यातच असतो. 'मी फीडर सुरू केला.' यात दुःख नाही. 'गजानन गेला.' यात शेजाऱ्याला होईल तेवढं दुःख आहे. माणसाला जाळतं ते या दोन वाक्यांच्या मधलं." ते हसले. "माझे सासरे वीस वर्षं एकच गाऱ्हाणं सांगत बसायचे. त्यांना कोणी चार ठिपके घालून दिले असते तर सासूबाई सुखाने जगल्या असत्या."

शाल्मली एंटर मारत गेली. एका वाक्याशी ती थांबली. 'मी फोन करून विचारलं नाही, म्हणून गजानन खाली उतरलेला नाही हे मला कळलं नाही.' हा धागा अपराधाचा, की नुसता अपघात कसा घडला त्याचा? नियमावलीत याबद्दल काही नव्हते. पण जितके मुद्दे जास्त, तितका रुग्णाचा अपराधांक, म्हणजे अपराधभावाचा मोजलेला आकडा, खाली येतो हे तिने पाहिले होते. तिच्या रुग्णांचे आकडे संस्थेत सर्वांत कमी असत आणि तिला ते आवडत असे. तिने तेही वाक्य तोडले, 'म्हणून' खोडला. चौदा ठिपके झाले.

उपचाराच्या दिवशी दिवाकरजी इस्त्रीचा शर्ट घालून आले. कपाळावर आणि मनगटावर संवेदक लावून त्यांचा अपराधभाव मोजला. शून्य ते शंभरच्या पट्टीवर अपराधांक अठ्ठ्याहत्तर होता.

"मॅडम, घरी पंखा लावाचा असला तरी मी बायकोले तीनदा इचारतो, हात तं नाही ना तिथं," ते म्हणाले. "ते म्हणते, तुमाले याड लागलं. जेवण जात नाही. पोरीचं लग्न तोंडावर आहे. कामावर परत नाही गेलो तं कसं होईन?"

परिचारिकेने इंजेक्शन दिले. दिवाकरजींनी चौदा मुद्दे मोठ्याने वाचले, पुन्हा वाचले, पुन्हा वाचले. पहिल्या खेपेला ते रडले. शेवटच्या खेपेला ते किराणा सामानाची यादी वाचावी तसे वाचत होते. अपराधांक सहा आला.

"मले काहीच वाटून नाही राह्यलं," ते नवलाने म्हणाले. मग त्यांनी विचारले, "इथं जवळ तर्री पोहा कुठं भेटते जी?"

शाल्मलीने त्यांना कोपऱ्यावरची गाडी दाखवली आणि 'कामावर रुजू होण्यास योग्य' असा शेरा लिहिला.

पाच आठवड्यांनी त्यांच्या पत्नीचा फोन आला. दिवाकरजींनी पुन्हा फीडर सुरू केला होता. खांबावर संतोष मानकर नावाचा लाइनमन होता. तो वाचला, त्याचे दोन्ही हात कोपरापासून काढावे लागले.

शाल्मली त्याच दुपारी त्यांच्या घरी गेली. निलंबित झालेले दिवाकरजी ओसरीवर लसूण सोलत बसले होते. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी मागवले.

"फीडर मीच सुरू केला," ते म्हणाले. "संतोष वर होता. लई वाईट झालं. चांगला पोरगा आहे."

"आणि गजानन?"

"तवा पण मीच सुरू केला होता. गजानन वर होता."

"मग या वेळी आधी फोन का नाही केला, दिवाकरजी?"

त्यांनी खरोखर विचार केला. तिला ते दिसत होते. "फोन?" ते म्हणाले. "कायले?"

आतून त्यांची मुलगी दारात येऊन उभी राहिली आणि शाल्मलीकडे पाहत राहिली. शाल्मलीने पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती संचालकांच्या खोलीत गेली आणि उभ्याउभ्याच बोलली. "सर, चूक माझी आहे. तो धागा अपराधाचा नव्हता, शहाणपणाचा होता. मी आकडा खाली आणायला तो तोडला. संतोषचे हात माझ्यामुळे गेले."

"बस आधी," डॉ. पांढरीपांडे म्हणाले. "चहा घे. अपघात होतात, शाल्मली. आपला पहिला रुग्ण औषधविक्रेता होता. उपचारानंतर त्याने पुन्हा चुकीची गोळी दिली. एक बाई दगावली. सहावा रुग्ण ट्रक चालवायचा. त्याला पुन्हा डुलकी लागली. अकरावी रुग्ण आई होती. तिचं दुसरं मूलही पाण्याच्या टाक्यात पडलं. मला सगळं नीट आठवतं."

त्यांनी काहीही लपवले नव्हते.

"सर, या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध?"

"नाही बुवा. प्रत्येक घटना वेगळी आहे."

"दुसरा रुग्ण कोण होता? अभिलेखात नाव नाही."

"मीच," ते सहज म्हणाले. "ती बाई दगावल्यावर मला झोप लागेना. प्रयोग बंद करावा असं वाटायला लागलं. मग स्वतःवरच उपचार करून घेतला. अकरा मुद्दे. तेव्हापासून उत्तम आहे." त्यांनी कप पुढे सरकवला. "तूही घे. तुझा अंक काय आहे?"

तिने सकाळीच मोजला होता. "चौऱ्याहत्तर."

"मग कशाला सहन करतेस? दुपारी करून टाकू."

शाल्मलीला ते हवे होते. रात्रभर तिने संतोषचे हात पाहिले होते. एक इंजेक्शन, दहा-बारा ठिपके, आणि ती कोपऱ्यावर जाऊन पोहे खाऊ शकली असती. पण मग या इमारतीत हे सगळे माहीत असून 'म्हणून' म्हणू शकेल असे कोणीही उरणार नव्हते, आणि सोमवारी विसावा रुग्ण येणार होता.

"सर, माझं एक गृहीतक आहे," ती म्हणाली. "ही पद्धत माणसाला तीच चूक पुन्हा करायला मोकळी करते. तुम्हाला ते दिसत नाही, कारण ते दिसल्यावर जे वाटलं, त्यावरच तुम्ही उपचार केलात."

डॉ. पांढरीपांडे रागावले नाहीत. "मला हे पटत नाही," ते म्हणाले. "पण मला पटणार नाही, हेच तुझं भाकीत आहे. मग माझ्या न पटण्याला किंमत राहत नाही. चाचणी घ्यायला हवी."

"ठिपके काढून धागे परत घालायचे. औषध तेच. फक्त वाचायचं गोष्टीसारखं."

"मग घे माझ्यावरच."

"त्रास होईल, सर. फार होईल. आणि पुन्हा ठिपके घालणार नाही, असं मला आत्ताच लिहून द्या."

त्यांनी लिहून दिले. "गंमत आहे," सही करताना ते म्हणाले. "मला जराही भीती वाटत नाही."

तिने त्यांचा जुना दस्तऐवज उघडला, अकरा मुद्दे निवडले आणि तेच बटण पुन्हा दाबले. ठिपके गेले, ओळी सुट्याच राहिल्या. एकेका ओळीच्या सुरुवातीला जाऊन तिने त्या मागच्या ओळीला जोडल्या, मध्ये गेलेले शब्द घातले. मग ट्रकचालक, ती आई आणि दिवाकरजी यांच्यापर्यंत गोष्ट पुढे लिहिली. शेवटच्या भागाशी तिचा हात थांबला. तिथला अपराध तिचा होता. तो त्यांच्या माथी मारणे तिला जमले नाही. 'ते वाक्य शाल्मलीने तोडले' असे तिने लिहिले. 'कारण कुठे तोडू नये हे मी तिला कधी शिकवले नव्हते' हे पुढचे वाक्य तिला खोडावेसे वाटले. ते खरे होते, म्हणून तिने ठेवले.

परिचारिकेने इंजेक्शन दिले. डॉ. पांढरीपांडे शांत, स्वच्छ आवाजात वाचू लागले. दुसऱ्या वाचनात, पाण्याच्या टाक्याच्या वाक्यापाशी, ते अडखळले.

"त्या मुलाचं नाव काय होतं?" त्यांनी विचारले.

"ओजस, सर."

"थांबव हे, शाल्मली."

"आता थांबवलं तर अर्धवट पक्कं होईल. वाचा, सर."

ते वाचत राहिले. ती शेजारी उभी राहिली आणि त्यांनी तिचे मनगट घट्ट धरले तेव्हा तिने ते सोडवून घेतले नाही.

दुपारी अडीच वाजता आठवण पक्की झाली. उपचारापूर्वी त्यांचा अपराधांक चार होता. आता तो त्र्याण्णव होता.