खुंटांच्या कोपऱ्यातली हाक

हे वाचून तुम्ही हसलात तरी माझी हरकत नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर मीही हसलो असतो.

पण मी त्या बोटीत होतो.

१४ मार्च २०१५. शनिवार. सकाळचे साडेआठ. जागा, अलाबामाच्या उत्तरेला बेलफोर्ज धरणामागचा तलाव. रात्र नव्हती, वादळ नव्हतं. हातात कॉफी होती आणि डोकं ठिकाणावर होतं.

फक्त धुकं होतं...

आधी एक वर्ष मागे जातो. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्याकडे बास मासा पकडायला मिस्टर ओझेल यांच्यासारखा माणूस नव्हता. सत्तरीचे, एकटे, तलावाच्या काठावर छोट्या घरात राहायचे. एक जुनी पत्र्याची बोट होती. मला गळ टाकायला त्यांनीच शिकवलं. माझा बाप दारूत गेला, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. शनिवारी सकाळी दार वाजायचं आणि मिस्टर ओझेल म्हणायचे, "चल रे लाइल, मासे वाट बघतायत."

ते सांगायचे, "मार्चमध्ये बास खोल पाण्यातून वर यायला लागतो. अंडी घालायला. पण सरळ काठावर येत नाही. दबा धरत येतो. आधी काठात आत शिरलेल्या कोपऱ्याच्या तोंडाशी थांबतो, बुडालेल्या झाडाच्या आडोशाला. तिथे जड गळ तळाला सोड. आणि हलवू नकोस."

"किती वेळ?"

"तुला कंटाळा येईल तेवढा. त्यानंतर अजून तेवढाच."

मासा लागला की दोऱ्यावर एक बारीक टक् येते. लगेच झटका मारायचा नाही. आधी सैल दोरा गुंडाळून घ्यायचा, वजन हाताला लागू द्यायचं, मग ओढायचं. मी आजही तसंच करतो. करायचो.

२०१४ च्या मार्चमध्ये आमच्या क्लबची स्पर्धा होती. एका बोटीत दोघं, दिवसअखेर पाच मोठे मासे वजनाला लावायचे. मी डॉर्सीबरोबर होतो. डॉर्सी म्हणजे माझ्या बहिणीचा, नोरीनचा नवरा. बोट त्याची, इंजिन त्याचं, त्यामुळे तोंडही त्याचंच.

त्या दिवशीही धुकं होतं. आम्ही खुंटांच्या कोपऱ्यात होतो. धरण भरलं तेव्हा तिथलं जंगल बुडालं. खुंट अजून पाण्याखाली उभे आहेत. अकराच्या सुमारास मासे चावायला लागले. असे चावायला लागले, की गळ तळाला पोचायच्या आत दोरा पळायचा.

तेवढ्यात हाक आली.

"कुणी आहे का?... बोट उलटलीय माझी..."

लांब नव्हती. पलीकडच्या काठाकडून. आवाज आम्ही दोघांनी ओळखला.

"मिस्टर ओझेल आहेत," मी म्हणालो.

"आहेत तर आहेत," डॉर्सी गळ टाकत म्हणाला. "म्हातारा या पाण्यातच वाढलाय. त्याला पोहायला तू शिकवणार का?"

"डॉर्सी, पाणी गार आहे."

"पाच मिनिटं थांब. असे मासे परत चावणार नाहीत."

इंजिन त्याच्या हातात होतं, हे खरं. पण तोंड माझंही होतं. मी काही बोललो नाही. मी पुन्हा गळ टाकला.

आणि मला मासा लागला. आयुष्यातला सर्वात मोठा. साडेचार किलोंचा. मी आनंदाने ओरडलो.

धुक्यातून लगेच आवाज आला...

"लाइल? लाइल, तू आहेस ना रे तिकडे?"

मी उत्तर दिलं नाही.

पुन्हा नाव घेतलं त्यांनी. मग पुन्हा. मग नुसता पाण्याचा आवाज. मग तोही नाही.

डॉर्सीने जाळी पुढे केली. मासा आत घेतला. आम्ही अजून दोन पकडले. मग त्या काठाला गेलो. पत्र्याची बोट पालथी तरंगत होती.

मिस्टर ओझेल सोमवारी सापडले.

स्पर्धेत आम्ही पहिले आलो होतो. आमचा फोटो गावच्या पेपरात छापून आला, आणि त्याच पानावर खाली त्यांची बातमी. शवपेटीला खांदा देणाऱ्या सहांमध्ये आम्ही दोघं होतो. नोरीनने पीचची फळं घालून मोठा केक केला, तो चर्चमध्ये सगळ्यांनी खाल्ला. डॉर्सीने दोनदा घेतला.

त्या हाकेबद्दल आम्ही कुणाला सांगितलं नाही. नोरीनलाही नाही. एकमेकांशीसुद्धा बोललो नाही.

आता त्या सकाळी येतो.

मला त्या कोपऱ्यात जायचं नव्हतं. डॉर्सीला तिथेच जायचं होतं. बास दर वर्षी त्याच जागी येतो, हे त्यालाही माहीत होतं.

"दुसरीकडे जाऊ," मी म्हणालो.

"का? फाटली का?" डॉर्सी हसला. "मग घरी बस. नोरीनला शेंगा सोलायला माणूस हवाय."

गेलो.

कोपऱ्याच्या तोंडाशी आलो आणि त्याने इंजिन बंद केलं. पुढच्या उंच खुर्चीवर जाऊन बसला. तिथून पायाने छोटी विजेची मोटर चालवता येते. मी मागे होतो. धुकं इतकं, की बोटीचं पुढचं टोक दुधात बुडवल्यासारखं दिसत होतं.

दहा मिनिटांनी माझ्या लक्षात आलं.

आवाज नव्हता.

मार्चमध्ये त्या कोपऱ्यात बेडूक कान किटवतात. पाणकोंबड्या असतात. रस्त्यावरून लाकडाचे ट्रक जातात...

काही नाही. डॉर्सीचं रीळ फिरताना दिसत होतं. त्याची करकर ऐकू येत नव्हती.

"डॉर्सी," मी म्हणालो. माझा आवाज मला ऐकू आला. बरं वाटलं.

"गप. टक् लागलीय."

त्याचा दोरा ताणला गेला होता. काठी हळूहळू वाकत होती. मासा असा ओढत नाही. मासा झटके देतो. हे सरळ खाली ओढत होतं... एकसारखं... सावकाश.

"खुंटात अडकला," डॉर्सी म्हणाला. "हा नवा विणलेला दोरा आहे. तुटायचा नाही."

त्याने अंगातलं लाइफ जॅकेट आधीच काढून ठेवलं होतं. उकडतं म्हणे. तो उठला, दोरा उजव्या हाताला दोन वेढे देऊन गुंडाळला आणि टोकाशी वाकला.

असं करू नये. विणलेला दोरा हाताला गुंडाळायचा नसतो, लाकडाच्या तुकड्याला गुंडाळून ओढायचं. हे मला मिस्टर ओझेलनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मी ते बोलणार होतो. कॉफीचा कप खाली ठेवायला मी मान वळवली.

मान परत फिरवली...

खुर्ची रिकामी होती.

बोट हलली नाही. पाणी उडालं नाही. धप्प झालं नाही. एक ऐंशी-पंच्याऐंशी किलोंचा माणूस पाण्यात पडतो, आणि आवाज होत नाही?

"डॉर्सी!"

काही नाही.

मग डावीकडून आलं, "लाइल."

मी इंजिन चालू केलं नाही. पंख्यात माणूस आला तर चिंधड्या होतात. वल्हं उचललं आणि डावीकडे वल्हवायला लागलो.

"कुठे आहेस?"

"इकडे... अजून थोडं डावीकडे..."

वल्हवत राहिलो. खुंट बोटीच्या तळाला घासत होते. कुणी दिसेना.

"डॉर्सी, बोलत राहा!"

"उजवीकडे वळ आता... असं... घाई करू नकोस."

मी वळलो. घाम डोळ्यांत जात होता. फोन काढला, सिग्नल नाही. पुन्हा वल्हं. आवाज समोर असायचा, मी तिथे पोचलो की मागे असायचा.

त्या वेळी मला कळायला हवं होतं. गार पाण्यातला माणूस असा बोलत नाही. त्याचे दात वाजतात, शब्द तुटतात. हा आवाज शांत होता. जवळ होता. बोटीइतका जवळ.

पण मी तेव्हा विचार करत नव्हतो. मी रडत होतो आणि वल्हवत होतो.

चाळीस मिनिटं.

मग धुक्यात दुसरं इंजिन वाजलं. ग्रेडी आणि विल्मर, आमच्याच क्लबचे दोघं भाऊ. त्यांची बोट बाहेर आली आणि ग्रेडी उभा राहून किंचाळला.

"अरे लाइल! काय करतोयस? थांब! तुझ्या बोटीला माणूस लटकलाय!"

मी वळून पाहिलं.

डॉर्सी माझ्यापासून हातभर अंतरावर होता.

बोटीच्या बाजूला, डावा कोपर काठावर अडकवून. हनुवटीपर्यंत पाण्यात. ओठ काळेनिळे, डोळे उघडे. ते डोळे माझ्यावर होते.

दोरा त्याच्या उजव्या हातावर होता आणि दुसरं टोक खाली खुंटात. मी वल्हं मारलं की बोट पुढे जायची, तो बोटीबरोबर ओढला जायचा, आणि दोरा आवळायचा. प्रत्येक वल्ह्याला थोडा थोडा.

ग्रेडीने सुरीने दोरा कापला. डॉर्सीला वर ओढलं, पण उजव्या हाताची दोन बोटं त्याच्याबरोबर आली नाहीत.

डॉर्सी वाचला. डॉक्टर म्हणाले, अजून दहा मिनिटं आणि संपला असता. तिसऱ्या दिवशी मी त्याला भेटायला गेलो. नोरीन खाली कॅन्टीनमध्ये गेली होती.

तो छताकडे बघत होता. घसा बसलेला. ओरडून ओरडून.

"मी तुझ्या समोर होतो," तो म्हणाला.

"मला दिसला नाहीस, डॉर्सी. देवाची शपथ."

"तुझं नाव घेऊन ओरडत होतो. तू माझ्याकडे बघितलंस. तोंडाकडे. आणि मग पुढे बघून म्हणालास, 'आता कुठे वळू?'"

"तूच सांगत होतास ना!"

त्याने पहिल्यांदा मान वळवली.

"मी नाही," तो म्हणाला. "पुढच्या खुर्चीत बसलेला सांगत होता."



"पाठमोरा होता. कपड्यांतून पाणी गळत होतं. हात करून तुला दाखवत होता, इकडे, तिकडे. एकदाच वळला तो. माझ्याकडे बघून हसला नाही, रागावला नाही. नुसतं बघितलं. जसं पाण्याकडे बघतात तसं."

"कोण होता?"

"निघ इथून," डॉर्सी म्हणाला.

कोण होता, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

डॉर्सीने नोरीनला एवढंच सांगितलं, की तुझ्या भावाने मला मरायला सोडलं होतं. ग्रेडी आणि विल्मरने जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगितलं. शेरीफच्या माणसाने मला दोनदा बोलावलं, मग सोडून दिलं. कारण सापडेना. मेहुण्याला मारून मला काय मिळणार होतं?

कारण सांगायचं, तर एक वर्ष मागचं सांगावं लागलं असतं. डॉर्सीने सांगितलं नाही. मीही नाही. म्हणजे आजही आम्ही एकाच बोटीत आहोत.

चर्चमध्ये लोक माझ्या बाकावर बसेनासे झाले. मी सगळ्या काठ्या विकून टाकल्या. आता मी तलावापासून साठ मैल लांब राहतो, टायरच्या गोदामात काम करतो.

आणि एक गोष्ट राहिली. वर मी सगळं लिहिलं, एवढी सोडून.

मे महिन्यात नोरीन माझ्या दारात आली. आत आली नाही. बाहेरच उभी राहिली.

"एकच विचारते," ती म्हणाली. "त्याच्या उजव्या हाताचं मला कळलं. दोऱ्याने झालं. पण डाव्या हाताची चारही बोटं मोडली होती, लाइल. डॉक्टर म्हणाले, वरून काहीतरी मारलंय. एकदा नाही. कशाने मोडली ती?"

"खुंटावर आपटली असतील," मी म्हणालो.

ती वळली. मग गाडीत बसून गेली. त्यानंतर आजपर्यंत ती माझ्याशी बोललेली नाही.

दार लावलं आणि तेव्हा मला आठवलं.

त्या सकाळी वल्हवताना बोटीच्या काठाला काहीतरी अडकलेलं होतं. पांढरं, ओलं, चार काटक्यांसारखं. त्याने बोट जड झाली होती. आणि तो शांत आवाज म्हणाला होता...

"फांदी अडकलीय, लाइल. काढून टाक."

मी वल्ह्याने मारलं. निघेना.

पुन्हा मारलं.

मला सारखं वाटतं, की मला खरंच फांदीच दिसली होती. दिवसा वाटतं तसं. मी स्वतःला समजावतो, की धुकं होतं.

पण तिसऱ्यांदा वल्हं उचललं, तेव्हा त्या फांदीवर लग्नाची अंगठी होती...

आणि मी तरीही मारलं.