डावीकडची जागा

चेंडू माझ्या कॉफीत पडता पडता वाचला. रविवारची सकाळ, सिडनीतल्या स्कोफिल्ड्सच्या मैदानाच्या कडेचा बाक, बारीक भुरभुर पाऊस, आणि तो लंबगोल चेंडू वेडावाकडा उसळत येऊन थेट माझ्या बुटांशी थांबला. मी "अगं बाई" म्हणाले. बहुतेक तेच त्याने ऐकलं.

तो धावत आला. उंच, भिजलेला, कपाळावर केस चिकटलेले. "सॉरी, मेट," एवढं त्याच्या तोंडून गेलं होतं, मग माझ्याकडे नीट बघून तो मराठीवर आला. "सॉरी हं. ऊन डोळ्यांवर आलं, म्हणून सुटला."

मी आकाशाकडे पाहिलं. ऊन काल दुपारपासून कुणी पाहिलं नव्हतं.

"कुठलं ऊन?"

तो ओशाळून हसला. हसणं चांगलं होतं, हे मला तेव्हाच कबूल करावं लागलं. पण माझी जीभ मला कधी गप्प बसू देत नाही. मी म्हटलं, "मित्राने डावीकडून सोपा चेंडू दिला होता, तो सोडलास. आणि फेकताना तुझा मागचा पाय उचलला जातो."

"तू कोच आहेस?"

"नाही. मी क्वार्टरबॅक बघते. तीच माझी नोकरी आहे."

एखाद्या मुलीने असं सांगितल्यावर बहुतेक मुलगे एक तर हसतात, नाही तर मला समजावायला लागतात. तो, म्हणजे तनय, यातलं काहीच न करता बाकावर, माझ्या डावीकडे, बसला आणि म्हणाला, "मग सांग ना, कसं बघतात?"

कसं बघतात ते सांगते. अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक डावाला चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. समोरून रेड्यासारखी माणसं अंगावर येत असतात, आणि दोनतीन श्वासांत त्याने ठरवायचं असतं की चेंडू कुणाकडे फेकायचा. कॉलेजातून असे शेकडो मुलगे खेळतात. दर वर्षी एप्रिलमध्ये व्यावसायिक संघ पाळीपाळीने त्यांच्यातले थोडे निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. जितकं लवकर नाव पुकारलं जाईल तितकं त्या पोराचं आणि त्याच्या घरादाराचं आयुष्य पालटतं. संघांना कोणता मुलगा कसा आहे ते आधीच कळायला हवं असतं, म्हणून आमच्यासारख्या कंपन्या चित्रफिती बघून अहवाल लिहितात. अमेरिकेतला शनिवारचा खेळ इथे रविवारी सकाळी पोचतो. सिडनीत बसून मी तो आवाज बंद करून बघते, कारण समालोचक कान भरतात.

प्रेक्षक चेंडू बघतात. आम्ही आधी पाय बघतो, मग डोळे, आणि चेंडू सगळ्यांत शेवटी. पाय माणसाची भीती सांगतात, डोळे त्याचा विचार सांगतात.

"माझे पाय काय सांगतात?" तनयने विचारलं.

"तू घाई करतोस."

"आणि डोळे?"

डोळे तपकिरी होते आणि माझ्याकडे बघत होते, आणि मला उगाचच कॉफी प्यावीशी वाटली. ती केव्हाच संपली होती.

तो देशाच्या पार पश्चिमेला, कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत इंजिनिअर होता. दोन आठवडे खाणीत आणि एक आठवडा सुट्टी. सुट्टीत तो आमच्याच गल्लीतल्या देवयानीताईकडे, म्हणजे सख्ख्या बहिणीकडे, यायचा. सिडनीत शिकत असताना युनिव्हर्सिटीच्या संघाचा क्वार्टरबॅक होता. हे ऐकल्यावर मी म्हटलं की मग तर मागचा पाय उचलायला मुळीच माफी नाही.

पुढच्या सुट्टीत तो आला, त्याच्या पुढच्याही. देवयानीताईच्या हातची थालीपीठं डब्यात घालून माझ्या दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, ताईने पाठवलीत. ताईला भेटले की कळायचं, डबा मागून घेऊन गेला होता. आम्ही कॅसल हिलच्या बाजूला फिरायला जायचो, मेट्रोने शहरात जायचो, आणि कुठेही गेलो तरी तो माझ्या डाव्या हाताला चालायचा. एकदा मी मुद्दाम बाजू बदलली, तर गप्पा न थांबवता मागून वळसा घालून तो परत आपल्या जागी आला. मला तो त्याचा लाडिक हट्ट वाटला. मला... खरं सांगायचं तर, आवडला.

पोरांचे पाय आणि डोळे बघण्यात आयुष्य घालवणारी मी, आणि जो माणूस रोज डोक्यात होता त्याला चेंडू बघावा तसं बघत राहिले. गोड दिसतो, गोड बोलतो, बस. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्या हंगामात माझा एक लाडका होता. अकरा नंबरची जर्सी घालणारा, गरीब गावातून आलेला, एकट्या आईचा मुलगा. डिसेंबरपर्यंत सगळे म्हणत होते की ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत याचं नाव नक्की. पण शेवटच्या सामन्यांत त्याचं काहीतरी बिनसलं. डावीकडचा माणूस मोकळा असला तरी हा चेंडू उजवीकडेच टाकायचा, नाही तर हातात धरून मार खायचा. मी अहवालाच्या कच्च्या मसुद्यात लिहिलं होतं : दबावाखाली डावी बाजू टाळतो, घाबरतो. लिहिताना वाईट वाटलं, पण तोच माझा धंदा.

जानेवारीतल्या एका दुपारी तनय माझ्याकडे आला होता. बाहेर उकाडा, आत पंखा, मध्ये चहा. मी त्याला अकरा नंबरची फीत दाखवली आणि तो घाबरतो असं मला वाटतं, असं सांगितलं. तनयने ती एकदाच पाहिली.

"घाबरत नाहीये गं," तो हळू म्हणाला. "त्याला तिकडचं दिसत नाहीये. बघ ना, आधी नुसती नजर टाकायचा. आता हनुवटी पार खांद्यापर्यंत वळवतो, आणि तोवर उशीर होतो."

मी फीत मागे नेली. जुने सामने लावले, नवे लावले. तनय बरोबर होता. इतकी वर्षं हे काम करते, आणि जे मला कित्येक आठवडे दिसलं नाही ते याला एका नजरेत दिसलं. मी कौतुकाने त्याच्याकडे वळले. तो चहाचा कप घ्यायला हात पुढे करत होता. कप त्याच्या डावीकडे होता. हात कपाला लागला, कप आडवा झाला, चहा चादरीवर सांडला. आणि त्याने कपाकडे बघायच्या आधी हनुवटी वळवली... पार खांद्यापर्यंत.

ढगाळ आकाशातलं ऊन, सुटलेला सोपा चेंडू, मला कायम स्वतःच्या उजवीकडे ठेवत माझ्या डाव्या हाताला चालण्याचा हट्ट, सगळं एकदम ओळीने उभं राहिलं.

"तनय, तुला कधीपासून दिसत नाहीये?"

तो फडक्याने चहा पुसत राहिला. चादर कोरडी झाल्यावरही पुसत राहिला.

मग त्याने सांगितलं. वडिलांना काचबिंदू होता. साताऱ्यात वेळेवर कुणाला कळलं नाही, एक डोळा गेला आणि दुसराही जवळजवळ गेला. याला डाव्या बाजूला धूसर वाटायला लागलं त्याला वर्ष होऊन गेलं होतं. समोरचं स्वच्छ दिसायचं, अक्षरांचा तक्ता सहज वाचता यायचा, म्हणून खाणीच्या तपासणीत अजून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पण डॉक्टरकडे गेलं की कागदावर येणार, आणि कागदावर आलं की त्याला खाणीत उतरू देणार नाहीत. घराएवढे ट्रक ज्या रस्त्यांवर धावतात तिथे एका बाजूने न दिसणारा माणूस कोण पाठवेल?

"झाकली मूठ सव्वा लाखाची, मयूरा. एवढी नोकरी टिकू दे. मग बघू."

मला राग आला. इतका आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं आणि त्याचाही राग आला. मी म्हटलं की त्या रस्त्यावर तू एकटाच नसतोस, ट्रक चालवणाराही कुणाचा तरी मुलगा असतो. मी म्हटलं की तुझ्या बाबांना कुणी सांगणारं नव्हतं. तुला मी आहे.

"तू कोण आहेस माझी?" त्याने विचारलं. भांडणासाठी विचारलं नव्हतं, हे आता कळतं. त्याला खरंच उत्तर हवं होतं. पण तेव्हा मला ते टोचलं. जन्मात कधी नाही ती माझी जीभ नेमकी त्या दिवशी गप्प बसली. तो उठला, चप्पल घातली, दाराच्या डाव्या चौकटीला खांदा लागला तरी थांबला नाही.

तो कालगुर्लीला गेला आणि त्याचे मेसेज थांबले.

मी अहवाल नव्याने लिहिला. घाबरतो हा शब्द काढला. डाव्या नजरेत दोष असल्याची दाट शंका आहे, सामन्याआधी, कराराआधी, सगळ्याआधी डोळ्यांची तपासणी व्हावी, असं लिहिलं. आमच्या अमेरिकेतल्या बॉसने फोन केला. म्हणाला, तुझी शंका चुकली तरी पोरगं पहिल्या फेरीतून बाहेर जाईल, आणि बरोबर निघाली तरी जाईल. खात्री आहे का? मी म्हटलं, आहे. त्या पोराच्या आईचा चेहरा मी एका मुलाखतीत पाहिला होता, तो समोरून हलेना.

पण हा अहवाल मी ज्याला आयुष्यात भेटणार नाही त्याच्यासाठी लिहू शकते, आणि ज्याच्यावर प्रेम करते त्याला साधं उत्तर देऊ शकत नाही, याला काय म्हणायचं? हो, प्रेमच. मी तो शब्द मनात टाळत होते, अकरा नंबर डावी बाजू टाळायचा तसा.

मी तनयला अहवालातली तेवढीच ओळ पाठवली. खाली लिहिलं : "तू विचारलं होतंस, मी कोण. जिला तू पूर्ण दिसायला हवा आहेस, ती." उत्तर आलं नाही. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. देवयानीताईला विचारायची हिंमत झाली नाही. तिला यातलं काही माहीत नव्हतं, आणि सांगणं माझं नव्हतं.

एप्रिलमध्ये एके दुपारी मेसेज आला. "शुक्रवारी सकाळी पर्थला डोळ्यांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट आहे. डोळ्यांत औषध घालतात, नंतर ड्राइव्ह करता येत नाही. येशील?"

गुलाबाची फुलं, गुडघ्यावर बसणं, असलं काही माझ्या वाट्याला आलं नाही. पण मेसेज वाचून मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले, आणि मग तिकीट काढलं.

तो शुक्रवार ड्राफ्टचा पहिला दिवस होता. अमेरिकेतली गुरुवारची संध्याकाळ म्हणजे पर्थची सकाळ. तनय आत गेला आणि मी दवाखान्याच्या खुर्चीत फोनवर एकेक नाव येताना बघत बसले. एक मुलगा हसत मंचावर जात होता, मग दुसरा, मग तिसरा. अकरा नंबर आईशेजारी बसलेला दिसला. पहिली फेरी संपली. त्याचं नाव आलं नाही. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर थांबला आणि मी फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

तनय बाहेर आला तेव्हा बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, डोळे चुरचुरत होते. आम्ही चालत नदीकाठी गेलो. उन्हाने त्याचे डोळे मिटत होते, म्हणून मी त्याचा हात धरला होता. यावेळी ऊन खरंच होतं.

चालता चालता त्याने सांगितलं. जे गेलंय ते परत येणार नाही. जे उरलंय ते औषधांनी, गरज पडली तर ऑपरेशनने, टिकेल. आणखी वर्षभर थांबला असता तर कठीण होतं. मॅनेजरशी तो आधीच बोलला होता. खाणीत उतरणं बंद, आता ऑफिसात बसून आराखडे करायचे.

"आणि तुझा अकरा नंबर?" त्याने विचारलं.

"पहिल्या फेरीत नाही आला."

"चेकअप झालं ना त्याचं?"

"हो. महिन्यापूर्वी. दोष सापडला, उपचार सुरू आहेत. उद्या-परवा कुणी घेईलही."

"मग ठीक आहे." तो म्हणाला. "मला तुझा राग आला होता. खूप... मग रोज गाडी चालवताना मान वळवायचो, आणि प्रत्येक वेळी तू आठवायचीस. तिथे दुसरं काही दिसतच नव्हतं ना."

मला हसू आलं आणि रडूही. मी म्हटलं, "तुझा अहवाल सांगू? पाय आता स्थिर. डोळा एक आणि थोडा. निर्णय उशिरा घेतो, पण घेतो."

"कितव्या फेरीत घेशील?"

"मी फेऱ्या बघत नाही. मला तू हवा आहेस, तनय. त्या दुपारीच म्हणायला हवं होतं."

माझा हात त्याने जरा घट्ट धरला, एवढंच. नदीकाठी एक बाक होता. तो टोकाला, उजवीकडे सरकून बसला. मी सवयीने वळसा घालून त्याच्या उजव्या हाताला जायला निघाले, तर तिथे जागाच नव्हती.

"इकडे नको," तो म्हणाला. त्याने डाव्या बाजूच्या रिकाम्या जागेवर हात ठेवला. "इथे बस."

"तिथे मी तुला दिसणार नाही."

"माहितेय," तनय म्हणाला. "तू आहेस म्हणून चालेल."

मी बसले. त्याने मान वळवली नाही. समोर नदीकडे बघत राहिला, आणि त्याचा डावा खांदा माझ्या खांद्याला टेकला.