जाळीवरचा कागद

आमच्या गाडीच्या रेडिएटरचा फॅन गेला तो नेमका आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं होतं. फुप्फुसांचं आता थांबून चालणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलेलं. शेजारचे काका गाडी चालवायला तयार होते. फॅन गेल्याचं कळल्यावर म्हणाले, दुसरी गाडी करू. बाबांनी मान फिरवली. आयुष्यभर टॅक्सीत लोकांना बसवलं, आता मी दुसऱ्याच्या गाडीत बसणार नाही म्हणे. माणूस अंथरुणाला खिळला तरी माज काही जात नाही.

मग फॅन मीच बदलायला घेतला. शाळा सोडल्यापासून या पोरीला दोनच गोष्टी येतात, असं आई म्हणते. गाडी खोलणं आणि भांडणं.

गाडी म्हातारी आहे. किलोमीटरचे आकडे कधीच थांबलेत. ते का दुरुस्त करत नाही विचारलं की बाबा म्हणायचे, गाडीला वय विचारू नये, रागावते.

दुपार होती. वाऱ्याचा पत्ता नाही, दोरीवरचे कपडे फळीसारखे लटकलेले. बाबांची खाट खिडकीशीच, त्यामुळे बॉनेटखाली वाकूनही त्यांचा श्वास मला ऐकू यायचा. आत जाताना शिट्टी, बाहेर येताना घरघर. मधेच थांबायचा. तो थांबला की माझा पानाही थांबायचा.

बॅटरीची वायर काढली, फॅनचा प्लग सोडवला. खालचा नट गंजून बसला होता. मी पाना आपटला, एक शिवी घातली.

"भडकू," खिडकीतून बाबा म्हणाले, "ओरडून नट सुटत नाही. तेल सोड, थांब जरा." एवढ्यानेच त्यांना दम लागला. मग म्हणाले, "नवा बसवलास की समोर कागद लावून बघ. वायरी उलट्या जोडल्या तर हवा बाहेर फेकतो. कागद जाळीला चिकटला, तरच बरोबर."

माहितीये, पडून राहा, म्हटलं.

फॅन निघाला. पात्यांच्या कडा झिजलेल्या, मोटर हाताने फिरवली तरी घासत होती. रेडिएटरच्या मागे आता नुसती पोकळी. वर्तमानपत्राचा अर्धा कागद मी समोर बंपरवर काढून ठेवला होता.

तो उठला आणि जाळीला चिकटला.

मी दोरीकडे पाहिलं. एकही कपडा हलत नव्हता. फॅन होता तिथे हात घातला. काहीच नाही. कागद जरा सैल पडला, पुन्हा चिकटला. खिडकीतून शिट्टी आली की चिकटायचा. घरघर आली की सैल पडायचा.

बाबा खोकले. कागद उडून माझ्या पायाशी पडला.

माझं डोकंच फिरलं. बॉनेटला एक चापट दिली आणि म्हटलं, नाटकं करू नकोस, उद्या त्यांना पोचव, मग काय करायचंय ते कर.

भंगारवाल्याकडून आणलेला फॅन बसवला. वायरी पुन्हा तपासल्या. काचा वर करून ठेवल्या होत्या, त्या तशाच. आत बसून गाडी चालू केली. टेंपरेचरचा काटा हळूहळू चढला आणि फॅन लागला. उतरून समोर कागद धरला. ओलं फडकं भिंतीला बसावं तसा बसला. सुटेचना.

"बाबा, चिकटला."

आई खिडकीत आली. ओठावर बोट. "हळू बोल. किती दिवसांनी शांत झोपलेत बघ. शिट्टीसुद्धा नाही."

इतकं बरं वाटलं मला. मग खिडकीचा पडदा दिसला. तो आत ओढला गेला होता. खाटेकडे. कुणीतरी टोक धरून ताणल्यासारखा.

मी आत गेले. बाबांची छाती वर आली होती. अजून वर येत होती. नाकाशी बोट धरलं.

हवा आत जात होती.

नुसती आत.

तशीच बाहेर पळाले. चावी फिरवली, काढली, दार लावलं. इंजिन थांबलं. फॅन थांबला नाही. रेडिएटर गरम असेपर्यंत तो फिरतोच. मी समोर उभी राहून बघत राहिले.

मग तो मंदावला. पाती एकेक करून दिसायला लागली.

कागद गळून पडला.

पडदा सरळ झाला. मग खिडकीबाहेर फुगला. सावकाश. पुष्कळ वेळ. मग खाली बसला.

आत आईने "अहो" म्हणून हाक मारली. पुन्हा मारली. मग मला हाक मारली.

मी गाडीकडे पाहिलं. चावी माझ्या हातात होती. गाडीची दारं बंद होती. ड्रायव्हरच्या समोरच्या काचेवर, आतून, तळहाताएवढी वाफ धरली होती.

ती विरली.

पुन्हा धरली.