दार नसलेली खोली

गळ टाकून झालेत, आता मासा लागेपर्यंत बसणंच आहे. तर ऐका पोरांनो. माझ्या भाचीच्या बाबतीत घडलेलं आहे हे. तिनं मला एकदाच सांगितलं, पुन्हा कधी विषय काढला नाही.

जेनेट तिचं नाव. नवरा नौदलात. त्याची बदली इथं पोर्ट्समथला झाली आणि महिन्याभरात तो जहाजावर निघूनही गेला. घर बघायचं काम हिच्या गळ्यात पडलं. ऑक्टोबरातल्या एका सोमवारी, सहा वर्षांच्या पोझीला शाळेत सोडून, ती इथल्याच साउथसी भागातल्या एका घराच्या किल्ल्या घ्यायला गेली.

घर व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, तीन मजली, वरच्या खिडकीतून समुद्र दिसणारं. आतून मात्र सगळं नवंकोरं. खालच्या मजल्यावरच्या बारक्या बारक्या खोल्या पाडून मालकानं एकच ऐसपैस स्वयंपाकघर केलं होतं. फरशीसुद्धा पायाला ऊब देणारी. मालकाचं नाव रॉय पर्किस. माणूस गोडबोल्या. घर त्याच्या विनिफ्रेड आत्याचं. शेवटपर्यंत मीच तिचं सगळं केलं, असं सांगताना त्यानं डोळेही टिपले. जेनेटला तो भला वाटला.

आठवडाभर काही नाही. मग एका रात्री, पावणेतीनला, तिला जाग आली ती ठोकण्याच्या आवाजानं. कुणीतरी लाकडावर मुठी आपटत होतं. ती खाली गेली, दिवा लावला. स्वयंपाकघर रिकामं. आवाज मात्र चालूच होता, जेवणाच्या टेबलाशेजारी, फरशीच्या मधोमध. तिथं भिंत नव्हती. दार नव्हतं. नुसती हवा.

सकाळी तिनं रॉयला फोन केला. तो हसला. म्हणाला, "जुन्या घराचे पाइप आहेत हो बाई. नवरा घरात नसला की बायकांना जरा जास्तच ऐकू येतं."

ठोकणं रोज रात्रीचं झालं. जेनेटनं दात आवळून आठ-दहा रात्री काढल्या. मग एकदा न्याहारीला बसल्या बसल्या पोझी म्हणाली, "आई, त्या आजींना पाणी हवंय. पण त्यांना बाहेर येता येत नाही."

जेनेट तशीच उठली आणि भिंतीला भिंत लागलेल्या शेजारच्या घरात, मिसेस गलिव्हरकडे गेली. म्हातारीनं आधी ताकास तूर लागू दिली नाही. मग रडायलाच लागली. टेबल आहे तिथंच, म्हणाली, बिनखिडकीची एक कोठी होती. आत्यानं घर नावावर करून द्यायला नकार दिला की रॉय तिला तिथं कोंडायचा. त्या वर्षीच्या जानेवारीत तो तिला कोंडून आठवडाभर स्पेनला उन्हात जाऊन बसला. शेजाऱ्यांना सांगून गेला, आत्याला वृद्धाश्रमात ठेवलंय, घरात सुतार येतील. परत आल्यावर म्हणाला, आश्रमातून घरी आणली तशी गेली बिचारी. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं लिहिलं. महिन्याच्या आत कोठी पाडलेली, तिचं जुनं हिरवं दार कुठं गेलं कुणाला माहीत नाही.

"मला भिंतीतून ऐकू येत होतं गं पोरी," मिसेस गलिव्हर म्हणाली. "चार दिवस. मला वाटलं, सुतारच आहेत."

त्या रात्री जेनेट वर झोपायला गेली नाही. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहिली. पावणेतीन वाजले. ठोकणं सुरू झालं. मग थांबलं.

"रॉय?"

कोरड्या घशाचा आवाज. अगदी जवळून.

"रॉय नाही," जेनेट म्हणाली. "मी इथं राहते."

लाकडावर एकदाच ठक. मग...

"तो कधी येणार?"

जेनेट मला म्हणाली, मामा, तेव्हा मला गप्प बसता आलं असतं. पण ती गप्प बसली नाही. तिनं सावकाश, नीट ऐकू जाईल असं सांगितलं. येत्या शुक्रवारी. पंधरा नोव्हेंबर. संध्याकाळी साडेसातला. बॉयलर बघायला.

त्यानंतर चार रात्री घर शांत होतं. रॉयचा नंबर तिच्या फोनमध्ये होता. तिनं फोन केला नाही.

शुक्रवारी तिनं पोझीला मिसेस गलिव्हरकडे पाठवलं. रॉय वेळेवर आला. काय म्हणतात तुमचे पाइप, असं विचारत स्वयंपाकघरात शिरला. जेनेट उंबऱ्याशीच थांबली. तो टेबलापर्यंत गेला.

तिथं थबकला.

"दिवे का घालवले?"

दिवे लखलखीत चालू होते.

त्यानं हात पुढं केला. हात हवेत कशावर तरी अडला. त्यानं चाचपलं. डावीकडे. उजवीकडे. मागे. मग मूठ आपटली... आवाज लाकडाचा आला.

"दार उघडा."

जेनेट चार पावलांवर उभी होती. तो तिच्याकडेच बघत होता. ती त्याला दिसत नव्हती.

"दार उघडा हो... बाई..."

मग त्याची मान हळूहळू मागे वळली. खाली, पायाशी बघितलं त्यानं.

"आत्या...?"

जेनेटनं दिवा मालवला. बाहेर आली. कुलूप लावलं. पोझी मिसेस गलिव्हरकडे झोपली होती. दोघी बायका चहा घेऊन तिथंच, दोन्ही घरांमधल्या भिंतीशी बसल्या. ठोकणं रात्रभर चाललं.

कुणीच उठलं नाही.

पहाटे पाचला आवाज थांबला. उजाडल्यावर त्यांनी कुलूप काढलं. रॉय टेबलाशेजारी पडला होता. मेलेला. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं लिहिलं.

त्याच्या नखांखाली मात्र लाकडाच्या बारीक ढलप्या रुतलेल्या होत्या, पार मांसापर्यंत. जुन्या, हिरव्या रंगाच्या. पोलिसांनी सगळं घर धुंडाळलं. हिरवं लाकूड कुठंच नव्हतं.